बस्त्यावच्या पेटीने गाजवलेली लग्नं

आमच्या लग्नाच्या बँडमध्ये माणसं चार, पण सांगण्यासारखे किस्से सगळे पाचव्या मेंबरचे. तो मेंबर म्हणजे आमच्या गिटारवाल्या बस्त्यावची इकोची पेटी. एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा मागून ढोसतो, "माझं कधी?" म्हणून. जमतील तेवढे सांगतो. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नका.

पेटी बस्त्यावने बोटीवरून परतलेल्या एका वाजंत्र्याकडून घेतलेली. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, तापले की निखाऱ्यासारखे लाल. तळाला दोन लांब स्प्रिंगा. गिटारचा आवाज त्यांतून फिरून यायचा तो चर्चच्या घुमटाखालून आल्यासारखा. दुसरं बटण पिळलं की तोच आवाज फाटायचा, कापड टरकावं तसा. ती फाटकी गिटार ऐकायला पोरं उमेळ्याहून चालत यायची. बस्त्याव दिवसभर सातिवलीच्या कारखान्यात पत्रे कापायचा. तिथे त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. गावच्या लग्नांत मात्र तो बस्त्याव होता.

*

पेटीला धक्का लागला की स्प्रिंगा आपटत आणि स्पीकरमधून ढग फुटल्यासारखा गडगडाट होई. एकदा मे महिन्यात फादर मांडवात डोळे मिटून टोस्टचं भाषण देत होते. नवऱ्याचा मामा पेटीला अडखळला. अंगणाअंगणात मसाल्याच्या मिरच्या वाळत घातलेल्या. बायका उठून धावल्या, त्यांच्यामागे पुरुष.

फादरनी डोळे उघडले तेव्हा समोर बँड आणि नवरा-नवरी. नवरीही अर्धी उठलेली.

"माझ्या भाषणाला लोक जांभया देतात हे ठाऊक होतं," फादर म्हणाले, "पळतात हे आज कळलं."

*

खाऱ्या वाऱ्याने एक स्प्रिंग गंजून तुटली. बस्त्यावने खुराड्याच्या दाराची काढून बसवली. पहिला सूर काढला, तर शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून आला आणि स्पीकरसमोर मान वाकडी करून उभा राहिला. बस्त्याव म्हणाला, "याला आवडलं म्हणजे आपल्याला बदलायला हवं."

*

एका लग्नात बस्त्याव कोरससाठी माइककडे वाकला. बोटं तारांवर, ओठ माइकला. करंटने तो असा मागे उडाला की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेव म्हणाला, "बस्त्याव, ती शेवटची स्टेप परत दाखव ना." बस्त्यावचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

तेव्हापासून तो पेटीला हात लावायचा तो दुसरा हात खिशात घालून. "या हातातून त्या हातात करंट गेला तर वाटेत काळीज आहे," म्हणायचा. "आणि प्लग काढला तरी हिच्या पोटातले कंडेन्सर करंटने भरलेलेच असतात. बंद होते, मरत नाही."

*

फाटक्या आवाजाचं बटण पूर्ण पिळलं की पेटी रेडिओ पकडायची. जेवणाआधीची प्रार्थना चालू. सगळा मांडव शांत. फादर 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीपाशी आले आणि पेटीतून एक बाई बोलली, "ज्वारी, मध्यम प्रत, भाव चढे."

मागच्या बाकावर कोणीतरी "आमेन" म्हणालं.

फादर हसले नाहीत. प्रार्थना संपवून सरळ आमच्याकडे आले. "बस्त्याव, आणखी एकदा या पेटीने लग्नाचा विचका केला, तर या गावात तुझा बँड वाजणार नाही."

बस्त्याव त्या दिवशी जेवला नाही.

*

आणि पुढचंच लग्न फादरच्या पुतणीचं.

नाचणाऱ्यांच्या पायांनी स्प्रिंगा हलू नयेत म्हणून बस्त्यावने बायकोची जुनी साडी आणली, मांडवाच्या बांबूला झोळी बांधली आणि पडद्याआड पेटी तिच्यात ठेवली. झोळीत पेटी फार तापू नये म्हणून तिचं मागचं झाकण काढलेलं.

नवरा-नवरीचा पहिला नाच सुरू झाला. गिटार अशी गोड घुमत होती की फादरही मान हलवत होते. ड्रमवर बसल्याबसल्या मी पडद्याआड नजर टाकली. झोळीतून एक पाय बाहेर आला होता. एवढासा, लोकरीच्या मोज्यातला.

"बस्त्याव," मी म्हणालो, "झोळीत पोर आहे."

"गप वाजव."

"बस्त्याव, बघ."

त्याने वळून पाहिलं. नवरीच्या बहिणीचं बाळ पेटीला टेकून पडलं होतं, टक्क जागं, आणि त्याचा हात त्या लाल काचांकडे चालला होता.

बस्त्यावने प्लग उपटला.

गाणं तुटलं. नवरा-नवरी मधोमध, एक पाय उचललेला. फादर खुर्चीतून उठले. काचा अजून लाल होत्या आणि बाळाची बोटं पुढे सरकत होती. बस्त्यावचा एक हात सवयीने खिशात गेला होता. पोर उचलायला दोन लागतात. त्याने तो बाहेर काढला, श्वास रोखला, आणि पेटीला कुठेही न शिवता बाळ वर घेतलं.

तोवर फादर पडद्यापाशी पोचले होते. मागोमाग बाळाची आई. तिने पोर ओढून घेतलं आणि किंचाळली, "कोणी ठेवलं याला इथे?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बस्त्याव खाली बघत होता.

फादरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फार रडत होता गं," ते म्हणाले. "झोळी दिसली. ऊबही होती."

मग वाकून त्यांनी स्वतःच प्लग लावला.