पांढरीचं बोलावणं

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मी शाळा सांभाळून यादवांच्या काळावरची कादंबरी लिहायला घेतली. गाडी अडली ती गावाच्या नावावर. खोट्या नावांचा मला भारी तिटकारा. काहीतरी उचलायचं नि पुढं 'नगरी' चिकटवायचं, असली चलाखी आपल्याला जमत नाही. चारठाण्याच्या देवळांपलीकडं एक पांढरी होती, ओस पडलेल्या जुन्या गावाचं टेकाड. मला तेच गाव हवं होतं. निजामी कागदांत त्याच्यापुढं नुसतं 'वीरान' लिहिलेलं. लोकांना नाव विचारलं की ते पिकापाण्याचं बोलायला लागत.

त्या गावची एक म्हातारी तेवढी उरली होती. तिच्या लहानपणी पटकीत सगळं गाव गेलं. ही आजोळी होती म्हणून वाचली. तिनंही नाव सांगितलं नाही. ते फक्त सर्वपित्री अमावस्येला घ्यायचं, म्हणाली, जेवायला बोलावण्यापुरतं.

अमावस्येला भर दुपारी तिच्यासोबत गेलो. मागं बघायचं नाही, एवढं तिनं बजावलं. पांढरीकडं पाठ करून तिनं गावाचं नाव घेतलं, सगळ्यांना जेवायला या म्हणाली आणि चालू लागली. वारा पडलेला. तरी मागच्या गवतात पावलं वाजायला लागली, बाजार सुटल्यावर वाजतात तशी. मी लय भ्यालो, खोटं कशाला बोलू?

अंगणात तिनं घरटी एक पत्रावळ मांडली, वाढलं, द्रोणांत पाणी ठेवलं. आम्ही दाराआड बसलो. नंतर बघितलं तर अन्न तसंच होतं. पाणी मात्र संपलं होतं.

हे नाव कादंबरीत घालू का, असं मी विचारलं. ती रिकामे द्रोण गोळा करू लागली.

"वाचणारा परतेक जण त्यांना बोलावणार, गुरुजी. मग तिथं त्यांना वाढायचं कुणी?" मग हळूच म्हणाली, "मी गेल्यावर हितं तरी कोण वाढणार हाय?"

कादंबरीत शेवटी खोटंच नाव छापलं. वाचणाऱ्यांनी नावं ठेवली, ठेवू द्या.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. सर्वपित्रीला मीच पांढरीकडं पाठ करून उभा राहिलो. घरी बायकोनं कुरकुरत का होईना, खीर शिजवून पत्रावळी मांडल्या होत्या. मी नाव घेतलं, जेवायला बोलावलं आणि निघालो. मागं पावलं वाजायला लागली. त्यातलं एक पाऊल अगदी पाठीशी आलं.

"हळू चाला, गुरुजी," ओळखीचा आवाज म्हणाला. "लय लांब हाय का तुमचं घर?"