नखाएवढी जमीन

पळसविधीची सगळी तयारी मी निपाणीहूनच करून आले होते. पळसाची पानं, दर्भ, काळे तीळ, भटजींची वेळ, जेवायला माणसं किती. शहापूरच्या घरी पोचले तेव्हा एकच काम उरलं होतं, आईचा होकार.

धाकटा भाऊ फौजेत होता. लडाखच्या रस्त्यावर दरड कोसळली आणि गाडीसकट तो तिच्याखाली गेला. शोध थांबला, कागद आले. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आई ऐकत नव्हती. "पानं जाळून माझं लेकरू मरतंय व्हय?" संध्याकाळी ती घरातल्या हातमागाच्या खड्ड्याशेजारी त्याचं ताट वाढायची. भरती होण्याआधी तो त्याच खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचा. मी त्या ताटाकडे पाठ करून जेवत असे. तरी पाठीला ते जाणवायचं.

त्या दुपारी आईच्या हातात एक दगड होता. मागच्या सुट्टीत भावानेच लडाखच्या डोंगरातून आणलेला, त्यात शिंपल्याचा ठसा.

"डोंगरावर शिंपला कसा गं?"

शाळेत मी भूगोल शिकवते. म्हटलं, हे तिला कळलं तर त्या डोंगरातून काही परत येत नाही, हेही कळेल. जमिनीवर लुगडं अंथरलं, एक टोक भिंतीला टेकवलं आणि दुसऱ्या टोकाकडून ढकललं. घड्या उभ्या राहिल्या.

"हा हिमालय. मधी समुद्र हुता. आपली जमीन दक्षिणेकडनं सरकत आली, समुद्र मिटला, तळ वर उचलला. जमिनीचे तुकडे लांब जातात तिथं फट पडते, खालनं तापलेला रस वर येऊन नवी जमीन हुते. भिडतात तिथं डोंगर."

दारात बसलेले काका तंबाखू मळत होते. "मास्तरीणबाई, जमीनच सरकतीया तर सीमेचा खांब रोवायचा कुठं? आमचं सीमाभागातलं भांडण फुकटच की!"

आई हसली नाही. "अजून सरकतीया?"

"व्हय. नख वाढतं तेवढी, वर्षभर. आणि तिथं जाऊन त्या डोंगराखाली शिरते."

"खाली?" तिने लुगड्याची एक घडी हाताने दाबली. "तो बी खालीच हाय की."

मी घाईने म्हटलं, "आई, ह्याला कोट्यवधी वर्षं लागतात."

"लागू देत. मला कुठं जायचंय?"

शेजारचे पॉवरलूम सुरू झाले आणि फरशी थरथरू लागली. आईने तळवा फरशीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "करा तुमचा विधी. पण राख नदीत सोडायची न्हाय."

"नदीत सोडायचीच रीत हाय, वहिनी," काका म्हणाले.

"आपल्या नद्या तिकडं जात न्हाईत, भावजी. जमीन जाती."

माझ्यापाशी याला उत्तर होतं. नकाशा काढून दाखवता आलं असतं. ते न करता मी भटजींना फोन केला. ते थोडे कुरकुरले, मग म्हणाले, घरातली राजी असतील तर तसं करू.

काकांनी अग्नी दिला. राख मातीच्या मडक्यातून आणली आणि मागाच्या खड्ड्याचा तळ उकरून पुरली. वरची माती आईने पायाने दाबली, विणताना मागाची पावडी दाबावी तशी, एकदा डावा पाय, एकदा उजवा. त्या संध्याकाळी ताट वाढलं नाही.

आता ती त्याच मागावर विणते, पाय त्या मातीवर सोडून. मी दर रविवारी निपाणीहून येते. वाटेतलं काकती गाव मागे पडलं की उगाच खिडकीतून जमिनीकडे बघते, जणू ती हललेली दिसेल. घरी औषधं भरते, बिलं बघते, आईची नखं कापते. कापलेलं नख ती बोटावर घेऊन उजेडात धरते.

"एवढं सरकलं?"

"व्हय," मी म्हणते. "एवढं."

ती ते नख खड्ड्यात टाकते.