बारमधली चार वर्षं

आता राहतो त्या चँडलर गावात, प्रत्येक पॉटलकच्या जेवणाला कोणीतरी विचारतंच, "पीएचडी मध्येच का सोडलीस रे?" एका वाक्यात सांगायला जातो, पण त्या वाक्याला किस्सा लटकलेला असतो, त्याला दुसरा. शेवटी जेवणं थंड होतात!

आमची लॅब मिडवेस्टात. सर पुण्याचे, तीस वर्षं अमेरिकेत. कणांचा झोत, म्हणजे बीम, मारून न्यूट्रॉन नको तितके कोंबलेली अणुकेंद्रकं बनवायची आणि ती फुटली की बाहेर पडलेले न्यूट्रॉन मोजायचे, हे काम. माझ्या केंद्रकातून एका वेळी दोन न्यूट्रॉन पडतात, एवढं मी सिद्ध करायचं. डेटा मी यायच्या आधीच घेऊन ठेवलेला. दोन पडले तर डिग्री, नाही तर घरी.

*

सरांकडे जेवताना काकूंनी विचारलं, "तुम्ही नक्की करता काय रे तिथे?"

"काकू, आम्ही एक केंद्रक बनवतो. ते बनता बनताच फुटतं."

"टिकतं किती?"

"टिकतच नाही."

काकूंचा वाढणारा हात थांबला. "आणि हा माणूस मला तीस वर्षं सांगतोय, कामात आहे म्हणून!"

सर आमटी भुरकत राहिले.

*

न्यूट्रॉन पकडायला प्लास्टिकचे लांबलचक दांडे होते. त्यांना सगळे 'बार' म्हणायचे. उजेड शिरू नये म्हणून त्यांना काळी टेप गुंडाळायची. माझी सीनियर सुमेधा दिवसभर तेच करून दमली होती. तिने नागपूरला घरी कॉलिंग कार्डवरून फोन लावला. आई म्हणाली, "आवाज का गं असा?"

"सकाळपासून बारमध्येच आहे. सर पण आहेत."

बाबांनी फोन ओढून घेतला. "रोजचंच आहे का हे?"

"रोज कुठलं, बाबा! बीम मिळाला तरच."

बाबा आठवडाभर बोलले नाहीत. त्यांनी बीअर ऐकलं होतं!

*

व्हिसा स्टॅम्पिंगसाठी मुंबईला निघालो. सर म्हणाले, "न्यूक्लियर हा शब्द तोंडातून काढू नकोस. नुसतं फिजिक्स म्हण."

ऑफिसरने विचारलं, "कुठलं फिजिक्स?"

माझी पार तंतरली. म्हटलं, "ते सांगायचं नाही, असं सरांनी सांगितलंय."

व्हिसा अडकला. चार महिने घरी! आधीच्या पिढीचे सल्ले हे असे. फळं मात्र आपण भोगायची. वैतागून सरांना फोन केला, तर विचारतात काय?

"पण शब्द नाही ना काढलास?"

*

मोठ्या चुंबकाच्या खोलीबाहेर बोर्ड होता: लोखंडी वस्तू आत नेऊ नये. खाली सरांची सही. आणि एक दिवस चुंबक चालू असताना सरच हातात पाना घेऊन आत! पाना सुटला, माझ्या कानाजवळून सणसणत गेला आणि चुंबकावर आपटला. "सॉरी" म्हणतील असं वाटलं.

सर खुशीत म्हणाले, "फील्ड मस्त आलंय!"

*

चौथ्या वर्षी थिसिस लिहायच्या आधी डेटा पुन्हा तपासला. 'दुसरा' न्यूट्रॉन दर वेळी पहिल्याच्या शेजारच्याच बारमध्ये दिसत होता. एका बारवर आपटून शेजारी उडायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्याच वेळाने. एकच न्यूट्रॉन आम्ही दोनदा मोजला होता! माझी चार वर्षं त्या दुसऱ्यावर उभी, आणि दुसरा नव्हताच!

ग्राफ घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेलो. नुसता समोर ठेवला.

सरांनी तो बघितला. चष्मा पुसला. मग खालच्या खणातून एक जुनी वही काढली आणि उघडून ग्राफशेजारी ठेवली. तोच ग्राफ, पेन्सिलीने काढलेला, त्यांच्याच अक्षरात. खाली 'एकच?' असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. तारीख मी लॅबमध्ये यायच्या आदल्या वर्षीची.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणून तर तुला दिलं," सर म्हणाले. "म्हटलं, नवीन मुलगा आहे. त्याला दिसेल दुसरा."