बाई साक्षीला बसल्या तेव्हा

"समोरच्याचं ऐकलंस का?"

कुणी तक्रार घेऊन आलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि हे विचारायच्या. तक्रार प्राध्यापकाची असो, विद्यार्थ्याची असो की कुंपणावर आलेल्या शेजारच्या आंब्याच्या फांदीची.

रत्नागिरीत त्या आम्हाला राज्यघटना शिकवायच्या. पुढे एका दूरच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या आणि मी त्यांचा स्वीय सहायक. त्यांची पुस्तकं मोठमोठे वकील चाळायचे. पण सुट्टीत मांडवीला घरी आल्या की मासळी घेताना हमखास फसायच्या.

"ताजा आहे म्हणाली रे ती."

"बाई, बांगड्याचं ऐकलंत का?"

यावर सगळ्यात जास्त त्याच हसायच्या.

एका उन्हाळ्यात मुलींच्या वसतिगृहात पाणी येईना. अर्ज करून करून चार मुली कंटाळल्या आणि त्यांनी सरळ कुलगुरूंच्या कार्यालयाला बाहेरून कुलूप ठोकलं. आत बाई आणि मी. बाईंनी माझ्या डब्यातली घावनं खाल्ली, एकदा दार ओढून पाहिलं आणि म्हणाल्या, "कुलूप चांगलं निवडलंय. कामाच्या आहेत हो मुली."

दुसऱ्या दिवशी कुलसचिव चौघींना काढून टाकण्याचा आदेश टाइप करूनच आले. "फक्त सही हवी, मॅडम."

चष्मा वर गेला. "त्यांचं ऐकलंत का?"

"तुम्हाला कोंडलं त्यांनी. आणखी काय ऐकायचं?"

"मला कोंडलं म्हणूनच मी सही करायची नाही. कोंडलेल्यानंच निवाडा करायचा असेल, तर इतकी वर्षं मी वर्गात काय शिकवलं?"

चौकशी एका निवृत्त न्यायाधीशांकडे गेली आणि बाईंचं नाव साक्षीदारांत लागलं. साक्षीच्या दिवशी चौकशीच्या दालनाबाहेरच्या बाकावर चौघी बसल्या होत्या. त्यांतली एक रडत होती. कॉलेज सुटलं तर घरचे तिचं लग्न लावून मोकळे होणार होते. बाई आल्या आणि त्याच बाकावर टेकल्या. कुलसचिवांना ते मुळीच आवडलं नाही.

"बाई, तुम्ही आमच्याविरुद्ध सांगणार?" त्या रडणारीनं विचारलं.

"कुलूप लावलंत, हे सांगणार. पाणी नव्हतं, हेही सांगणार. तूही खरं तेच सांग."

आत बाईंनी तसंच सांगितलं. वर म्हणाल्या, "नळ कोरडे होते आणि कुलगुरू मी होते. जबाबदारी माझी." न्यायाधीशांनी मुलींना समज देऊन सोडलं. नवी पाइपलाइनही लगेच आली. कुलसचिव मात्र बरेच दिवस माझ्याशीसुद्धा मोजकंच बोलत.

पदवीदानाला ती रडणारी मुलगी मंचावर आली. पदवी हातात देताना बाईंनी हळूच विचारलं, "पाणी येतं ना गो?" तिचं हसू फोटोत आलं आहे.

बाई जाऊन आता वर्ष होईल. निवृत्तीनंतर कायदा शिकणाऱ्या मुली त्यांच्याकडे यायच्या आणि मांडवीच्या किनाऱ्यावर चालता चालता वाद घालायच्या. एका संध्याकाळी मीही बरोबर होतो. एकीनं बाईंच्याच पुस्तकातलं एक मत पुरतं खोडून काढलं. बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. माझं चुकलंच." आणि चपला माझ्या हातात देऊन, साडी जराशी वर धरून, हसत हसत घोटाभर पाण्यात शिरल्या.