गाभ्यात अडकलेली तार

अण्णा, माझा थोरला भाऊ, नौदलात होता, पाणबुडीवर. लग्न त्यानं केलंच नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं अक्कलकोटला एकटाच राहिला, मग जुळे सोलापुरात माझ्याकडे आला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. त्यात आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

त्या दिवसांत मी एका विज्ञान मासिकासाठी लेखाचं भाषांतर करत होते. अमेरिकेनं पाणबुडीतून सोडायच्या क्षेपणास्त्रावर सुरुवातीला जो हायड्रोजन बॉम्ब बसवला, त्याची हकीकत होती. अण्णा समोरच्या खाटेवर पडलेला असायचा. म्हणाला, "मोठ्यानं वाच की. बोलणं बंद होणार हाय, ऐकणं न्हाय."

मी वाचू लागले. बॉम्ब क्षेपणास्त्राच्या टोकात मावेल एवढा लहान करायचा होता. तो अपघातानं उडू नये म्हणून त्याच्या पोकळ गाभ्यात एक तार भरून ठेवत. वापरायच्या वेळी छोटी मोटर ती तार ओढून काढणार, मगच पूर्ण स्फोट होणार. पण काळ गेला तशी तार आतल्या आत ठिसूळ झाली. तपासणीत कळलं, ओढताना ती तुटते, अडकते. म्हणजे समुद्राखाली फिरणाऱ्या पाणबुड्यांवरचे कितीतरी बॉम्ब उडालेच नसते. खलाशांना याचा पत्ताही नव्हता. पुढे ते सगळे दुरुस्त करावे लागले, बदलावे लागले.

"बघ," मी म्हणाले, "किती शहरं वाचली असती."

अण्णा खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "शहरं वाचली असती. पर बटण दाबणाऱ्याचं काय?"

"त्याचं काय?"

"त्यानं दाबलंच असतं की."

मी कागद खाली ठेवला. त्याचा आवाज घोगरा झालेला, मधेमधे तुटत होता, तरी तो बोलत राहिला.

"एकदा आमाला टॉर्पेडो सोडायचा हुकूम आला. समोर जहाज हाय म्हणाले. आमाला खरंच वाटलं. मी माझं काम केलं. जरा पण थांबलो न्हाय. थोड्या वेळानं सांगितलं, सराव होता, टॉर्पेडोची नळी रिकामीच होती. लई हसले सगळे."

"मग झालं की, अण्णा. कुणी मेलं नाही."

"तेवढ्या वेळात माझ्यापुरती ती माणसं मेलेली होती. आणि मला काय होत होतं, सांगू? भूक लागली होती."

आई मुली बघू लागली, की हा जेवणाच्या ताटावरून उठून जायचा, ते मला आठवलं. "म्हणून लग्न केलं नाहीस?" मी विचारलं.

"पाणी दे," तो म्हणाला.

ऑपरेशननंतर आवाज गेला. लिहायला पाटी दिली, तिला त्यानं हात लावला नाही. दिवाळीनंतर आजार फुप्फुसात उतरला आणि थंडीत तो गेला.

दिवसकार्याला त्याच्या पाणबुडीवरचे दोन जुने सोबती आले होते. मी त्या सरावाविषयी विचारलं. एकाचा चेहरा खुलला. "आठवतंय तर! सराव होता कळल्यावर सगळ्यात मोठ्यानं तुमचा अण्णाच हसला होता."

दुसरा हसला नाही. "तो विषय नको, ताई," एवढंच म्हणाला आणि चप्पल शोधू लागला.