दुधानं धुतलेली उल्का

मामांचा इस्लामपूरहून फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये नुकतीच तास संपवून टेकले होते.

"पोरी, आपल्या उसात आभाळातनं दगड पडलाय. लय मोठा आवाज झाला. काळाभोर हाय, जळाल्यावानी."

परग्रहांवर कधी जीव होता का, याच्या खुणा उल्कांमध्ये कशा शोधतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. पण आजवर मी फक्त दुसऱ्यांनी तपासलेल्या दगडांचे आलेख बघत आले होते. आणि इथं ताजा दगड, तोही माझ्या मामांच्या रानात! मी खुर्चीतून उठलेच.

"मामा, त्याला हात लावू नका. पोळ्या गुंडाळायची कोरी फॉइल घ्या, तिनंच उचला आणि तसाच बंद ठेवा. आपला घाम, पाणी, काही लागता कामा नये. आपलेच जंतू त्यात शिरले तर तिकडचं काय नि इकडचं काय, कळायचंच नाही."

"व्हय व्हय. फौजेत हयात गेली. हुकूम पाळतो आमी."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून पोचले. दगड देवघरात होता. हळदकुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला.

"मामा, हे काय?"

"फॉइलमधीच आणला की. पर लय मळल्याला. मग तारेच्या ब्रशनं घासला, साबण लावला."

"आवं, पण कशाला?"

"तू तपासाय नेणार. तसा घाण कसा द्यायचा?"

मामी चहा घेऊन आल्या. "एवढ्या लांबनं आलाय त्यो. मी दुधानं धुतला. पाव्हण्याला कुणी तसंच ठेवतं व्हय?"

गल्लीतली निम्मी माणसं त्याला हात लावून गेली होती. शेजारच्या म्हातारबांनी तर जीभ लावून बघितली होती. "खारट न्हाई," त्यांनी मला आवर्जून सांगितलं. मला रडूच फुटायचं बाकी होतं. चहा तसाच ठेवला आणि दगड पिशवीत घालून निघाले.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं तरीही तो तपासला. उल्का खरी होती. पण दगड सच्छिद्र, त्यात भेगा, सगळं आतपर्यंत मुरलेलं. जीवसृष्टीबद्दल त्यावरून काहीच म्हणता येणार नाही, असं तिनं स्पष्ट कळवलं. मी मामांना फोन केला.

"मामा, त्यात सापडले ते सगळे दुधातले आणि हातावरचे जंतू."

"म्हंजी जीव हाय त्यात?"

"आपला हाय, मामा! तुमच्या म्हशीच्या दुधातला!"

"पर हाय न्हवं?"

मी फोन ठेवला.

पुढं मामेबहिणीच्या लग्नात एका अनोळखी गृहस्थांनी मला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. "ह्या मॅडमनी दुसऱ्या ग्रहावरचा जीव शोधला," असं ते चारचौघांना सांगत होते. पलीकडं मामा छाती काढून उभे. मी त्या गृहस्थांना ब्रश, साबण, दूध, जंतू, सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवत शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "म्हंजी अजून जाहीर करायचं न्हाई व्हय?"

मी पानावरचा मसालेभात कालवायला घेतला.