जोडी का सुटं?

"जोडी हाय का सुटं?"

कुणी पोरगं संशोधनाचे आकडे घेऊन आमच्या संख्याशास्त्र विभागात आलं, की मामा आधी त्याच्या लॅपटॉपचं झाकण दोन बोटांनी मिटवायचे आणि मग हे विचारायचे. चपलांच्या दुकानात विचारावं, अगदी तसं.

मामा म्हणजे आमचे परिचर. गाव गारगोटीकडचं, शिक्षण बारावी, तीही दुसऱ्या खेपेला. विभाग उघडायचा, फळे पुसायचे, झेरॉक्स आणायची, हे त्यांचं काम. आणि मी? पीएचडी, सुवर्णपदक, वीस वर्षं हाच विषय शिकवतेय. तरी दारातून आत आलेलं पोरगं डावीकडे मामांच्या स्टुलाकडे वळायचं. उजवीकडे माझी केबिन सताड उघडी, पंखा फिरतोय, समोर दोन खुर्च्या मोकळ्या. सांगायला लाज वाटते, पण माझा नुसता जळफळाट व्हायचा. पोरांनी आधी माझ्याकडे यावं, एवढंच मला हवं होतं. तुमच्याही ऑफिसात असा एक मामा असेल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गडहिंग्लजकडची एक मुलगी होती. नव्या चाऱ्याने म्हशीच्या दुधाची फॅट वाढते का, हा तिचा विषय. ती आली त्या दिवशी मामा नेमके रजेवर, म्हणून थेट माझ्याकडे आली. मला कोण आनंद! तिच्या कागदावर दोन रकाने होते, जुना चारा आणि नवा चारा. मी दहा मिनिटांत टी-चाचणी लावली. दोन सरासऱ्यांत थोडा फरक होता, पण एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, असं उत्तर आलं. तुझ्या चाऱ्याने काही होतं असं म्हणता येणार नाही, मी सांगून टाकलं. दोन वर्षं ती पोर गोठ्यांतून मापं घेत हिंडली होती. तिचे डोळे भरले. आकड्यांपुढे इलाज नसतो, असं शहाणपणही मी वर ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात बसलेली मामांना दिसली. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, हे लई नीटनेटकं हाय, कच्ची वही आण.

कच्ची वही आली. शेणाचे डाग, कडा दुमडलेल्या. त्यात एकेका म्हशीचं नाव, पुढे जुन्या चाऱ्यावरची फॅट, त्याच ओळीत नव्या चाऱ्यावरची. झालं होतं असं, की टाइप करताना या पोरीने दोन्ही रकाने वेगवेगळे, मोठ्या आकड्यापासून लहानापर्यंत लावून घेतले होते. का, तर छान दिसतं! कुठला आकडा कुठल्या म्हशीचा, हेच पुसलं गेलं होतं. आणि मी तिला ते विचारलंच नव्हतं.

"म्हशी त्याच, का दुसऱ्या?" मामांनी विचारलं.

"त्याच."

"मग ही जोडी हाय की. हिची तिच्याशी बरोबरी करायची न्हाई. जिची तिच्याशीच."

बरोबर होतं. एखादीचं दूध मुळातच दाट, एखादीचं पातळ. त्या गोंधळात चाऱ्याचा फरक बुडून गेला होता. प्रत्येक म्हशीचा तिचा तिच्याशी फरक काढला, तर एक सोडून सगळ्यांची फॅट वाढलेली. एवढं करून मामांनी तिला माझ्याकडे पाठवलं. पुढचं गणित मॅडमकडं, आपल्याला त्यातलं काय कळत न्हाई, म्हणाले. मी जोडीची चाचणी लावली आणि उत्तर लख्ख आलं. पेढे मात्र आधी मामांना मिळाले.

तिच्या प्रबंधात ऋणनिर्देशाच्या पानावर पहिलं नाव मामांचं, दुसरं माझं. मी म्हटलं, परिचरांची नावं घालत नाहीत, तसा नियम आहे. असा कुठलाही नियम नाही. तिने नाव काढलं. बांधून आलेला प्रबंध ती मामांना दाखवायला घेऊन आली, तेव्हा त्यांनी ते पान न वाचताच उलटलं आणि थेट म्हशींचा तक्ता काढून बसले. मी केबिनमधून बघत होते.

तरी माझ्या पोटातलं दुखणं काही थांबेना. शेवटी मी एक डायरी सुरू केली. डाव्या रकान्यात मामांकडे गेलेले, उजव्यात माझ्याकडे आलेले. नावं कुठली माहीत असायला, म्हणून विषय टिपायचे: जयसिंगपूरची मिरची, गुळाचा रंग, मधमाशीवाला. वर्षभर हा उद्योग केला. मग त्यावर रीतसर चाचणी लावली. हसू नका. मामांचा रकाना माझ्यापेक्षा मोठा होता आणि हा काही योगायोग नाही, हे शास्त्रशुद्ध सिद्ध झालं. सिद्ध झाल्यावर जास्तच झोंबलं.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी ते किल्ल्या द्यायला केबिनमध्ये आले. डायरी टेबलावर उघडीच होती. कच्ची वही दिसली की त्यांचा हात जायचाच. मी झाकेपर्यंत त्यांनी दोन पानं बघितलीही होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता काय म्हणतात, म्हणून मी खिडकीकडे बघत बसले.

पानावर अंगठा डावीकडून उजवीकडे फिरवत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे सुटं धरलंसा."

"म्हणजे?"

"ही मिरची हितं हाय, हितंबी हाय. ह्यो गूळ. ही मधमाशी. तुमच्या रकान्यातलं हरेक पोरगं आधी माझ्याकडं आलंय, मग तुमच्याकडं. मीच धाडलंय की." त्यांनी डायरी अलगद मिटली. "ही जोडी हाय, मॅडम."

ऋणनिर्देशातून काढायला लावलेल्या त्यांच्या नावाबद्दल तरी मी बोलायला हवं होतं. तेवढ्यात सत्काराला बोलावणं आलं. मी भाषण केलं. मामा वेळेचे पक्के होते, असं म्हणाले. बाकी सगळे बोलले तेच.

त्यानंतर माझी केबिन उघडीच असते. पहिले काही आठवडे मी रोज वाट बघितली. आता तर पोरांना वळायला दुसरी जागाच नव्हती. पण माझा रकाना भरेना.

परवा एक मुलगा दारात आला. हातात लॅपटॉप, काखेत मळकी वही. त्याने डावीकडे रिकाम्या स्टुलाकडे बघितलं.

"मामा न्हाईत काय?"

"रिटायर झाले. ये ना, बस. मी आहे की."

"न्हाई मॅडम, तसं काय विशेष न्हाई. येतो नंतर," म्हणाला आणि गेला.

मी खणातून डायरी काढली. विषय कळलाच नव्हता, म्हणून मामांच्या रकान्यात त्याच्या नावची नुसती एक रेघ ओढली.